पर्यायी इतिहासकथा
पर्यायी इतिहासकथा : इतिहासातील एखादी निर्णायक घटना घडली तशी न घडता निराळी घडली असती, तर पुढील काळास कोणते वळण लागले असते, याची सुसंगत कल्पना करून रचलेली कथा, कादंबरी अथवा निबंध. ऐतिहासिक कादंबरीशी या प्रकाराचे नाते जवळचे असले, तरी दोहोंची रीत परस्परविरुद्ध आहे. ऐतिहासिक कादंबरीकार ज्ञात घटनांना हात लावत नाही. कागदपत्रे जेथे मुकी होतात, तेथील रिकाम्या जागा तो कल्पनेने भरतो. पर्यायी इतिहासकथेचा लेखक नेमकी ज्ञात घटनाच बदलतो आणि त्यानंतरचे सर्व काही नव्याने रचू पाहतो. साहजिकच मूळ घटना ठाऊक नसलेल्या वाचकास या कथेतील गंमत कळत नाही. तिचा वाचक आधीच इतिहास वाचलेला, निदान त्याविषयी कुतूहल असलेला असावा लागतो.

मराठी व्याकरणात अशा विधानांसाठी संकेतार्थ आहे आणि बोलीत ‘जर-तर’ हा जोडशब्द रूढ आहे. मात्र ‘इतिहासात जर-तरला स्थान नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात इतके ऐकू येते, की त्याला जवळजवळ सुभाषिताची प्रतिष्ठा लाभली आहे. आत्याबाईंना मिशा असत्या तर त्यांना काका म्हटले असते, ही म्हणही त्याच वृत्तीची. इतिहासाच्या पंडितांमध्येही या वृत्तीचे पुरस्कर्ते पुष्कळ. ई. एच. कार (१८९२–१९८२) या इंग्रज इतिहासकाराने १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानग्रंथात अशा विचारास बैठकीच्या खेळाची उपमा दिली. इतिहासकाराने जे घडले त्याची कारणे शोधावीत, जे घडले नाही त्याचा शोक करू नये, असा त्याचा रोख होता. वास्तविक कारणमीमांसा करणारा प्रत्येक इतिहासकार आडून जर-तरचाच आश्रय घेत असतो. अमुक कारणामुळे तमुक घडले असे म्हणताना ते कारण नसते तर तसे घडले नसते, हे त्याला अभिप्रेत असतेच. माधवराव पेशवे १७७२ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, मृत्यू पावले. हा मृत्यू मराठी राज्याला पानिपतइतकाच घातक ठरला, असा अभिप्राय ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासग्रंथात नोंदविला. पुढे तो असंख्य मराठी पाठ्यपुस्तकांनी उचलला. या अभिप्रायात एक संपूर्ण पर्यायी इतिहास दडलेला आहे. फक्त तो लिहिलेला नाही.

हा विचार जुना आहे. रोमन इतिहासकार लिव्ही याने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात, अलेक्झांडर पश्चिमेकडे वळला असता तर रोमचे काय झाले असते, याचा सविस्तर ऊहापोह केला आणि रोमच जिंकला असता असा निर्वाळा दिला. लिव्ही रोमन होता, हे लक्षात ठेवणे इष्ट. भारतीय परंपरेत याहून धीट उदाहरण आहे. भासाच्या नाटकचक्रातील पञ्चरात्र या नाटकात द्रोणाचार्य गुरुदक्षिणा म्हणून पांडवांसाठी अर्धे राज्य मागतात. पाच रात्रींच्या आत पांडवांचा शोध लागल्यास ते देण्याचे दुर्योधन मान्य करतो आणि अखेर शब्द पाळतो. म्हणजे महाभारतातील युद्धाचे कारणच उरत नाही. ज्या ग्रंथाला परंपरा ‘इतिहास’ म्हणत आली, त्याचा मूळ प्रवाह नाटककाराने बिनदिक्कत बदलला. दुर्योधनाच्या स्वभावात शब्द पाळण्याचा हा गुण मुळात होता की नव्हता, हा प्रश्न नाटक पाहणाऱ्याच्या मनात निर्माण व्हावा, हेच त्यातील मर्म होय.

यूरोपात या प्रकाराला स्वतंत्र रूप एकोणिसाव्या शतकात आले. फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनूव्हिए (१८१५–१९०३) याने १८७६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या लेखनास ‘यूक्रोनी’ हे नाव दिले. ‘यूटोपिया’ म्हणजे कोठेही नसलेले स्थळ, तसा हा कधीही न आलेला काळ. जे. सी. स्क्वायर याने संपादिलेल्या १९३१ च्या निबंधसंग्रहात विन्स्टन चर्चिलचा एक निबंध आहे. अमेरिकन यादवी युद्धात गेटिझबर्गची लढाई (१८६३) दक्षिणेच्या सेनापती लीने जिंकली, अशा जगातील लेखकाची भूमिका घेऊन चर्चिल उलट प्रश्न करतो : ली हरला असता तर? अशा रीतीने वाचकाचे खरे जगच कल्पित ठरते. फिलिप के. डिक (१९२८–८२) या अमेरिकन कादंबरीकाराने द मॅन इन द हाय कॅसल (१९६२) मध्ये ही युक्ती आणखी पुढे नेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान विजयी झाले आहेत, अमेरिकेची वाटणी झाली आहे, आणि त्या अमेरिकेत लोक चोरून एक कादंबरी वाचतात, जिच्यात जर्मनी-जपान हरलेले आहेत. मात्र त्या कादंबरीतील जगही आपले जग नाही. विजेत्यांच्या राज्यात माणसे कशी जुळवून घेतात, कशी वाकतात, हा डिकचा खरा विषय आहे. युद्ध कसे जिंकले गेले, याला तो फार थोडी जागा देतो. नंतरच्या काळात अमेरिकेत या प्रकाराचे पेव फुटले आणि रणगाडे, विमाने व सेनापतींच्या याद्या भरलेल्या जाडजूड मालिका निघाल्या. त्यांपैकी बहुतेकींची येथे दखल घेण्याचे कारण नाही.

विचारी वाचकाला या कथा का आवडतात, याची साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे, की पराभवाचे शल्य त्यामुळे काही काळ निवते. दुसरे असे, की तो बुद्धीचा व्यायाम आहे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. घडून गेलेली गोष्ट कालांतराने अटळ वाटू लागते. तिच्या आधीच्या रात्री ती अटळ नव्हती, त्या रात्रीच्या माणसांना उद्याची कल्पना नव्हती, हे पाठ्यपुस्तक वाचणाऱ्याच्या ध्यानातून निसटते. चांगली पर्यायी इतिहासकथा ही हरवलेली अनिश्चितता परत आणते. तिचे दुसरे आकर्षण असे, की सर्व काही बदलल्यानंतरही काय बदलत नाही, हे ती दाखविते. या दोन कसोट्यांना उतरणारी कथा वाचून वाचकाला आपल्या स्वतःच्या जगाविषयी काही नवे कळते; न उतरणारी कथा केवळ मनोराज्य ठरते.

मराठीत या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणजे जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. खगोलशास्त्रज्ञ असलेल्या नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही पहिली विज्ञानकथा टोपणनावाने पाठविली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा यक्षांची देणगी या त्यांच्या संग्रहात आहे. तिच्या इंग्रजी रूपाचा संक्षेप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात घेतला गेल्याने ती मराठीबाहेरही पोहोचली.

१४ जानेवारी १७६१ या दिवसाचे मराठी भाषेवरील ठसे सर्वपरिचित आहेत. सर्वस्वी धुव्वा उडण्याला ‘पानिपत होणे’ म्हणतात, आणि कोणी ‘विश्वास ठेवा’ म्हटल्यास ‘विश्वास तर पानिपतात मेला’ असे आजही म्हटले जाते. नारळीकरांनी नेमका हा विश्वास जिवंत ठेवला आहे. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पानिपतच्या परिणामांविषयी विचार करीत असताना एका मालमोटारीची धडक बसून निराळ्याच भारतात जातात. त्या भारतात पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या गाडीचे नाव जिजामाता आहे आणि मुंबईच्या वेशीवर ब्रिटिश हद्द सुरू होते. तेथे १८५७ चा उठाव झालेला नसल्याने ईस्ट इंडिया कंपनी बरखास्त झालेली नाही, आणि मुंबई १९०८ च्या तहान्वये २००१ पर्यंत भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे आहे. गंगाधरपंत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच्याच नावावरील पाच खंडांचा इतिहास वाचतात. चार खंड ओळखीचे निघतात. फरक सुरू होतो तो पाचव्यात, पानिपतापाशी. भाऊसाहेबांच्या बखरीत त्यांना कारण सापडते : विश्वासरावांच्या अंगावर आलेली गोळी चाटून गेली. प्रत्यक्षात ती लागली, विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि मोकळी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला.

कथेची रचना चतुर आहे, पण तिचे मोल दुसरीकडे आहे. विजयी भारतात पोहोचलेल्या गंगाधरपंतांना अभिमान वाटतो. मात्र कथा त्या अभिमानावर थांबत नाही. आझाद मैदानावर एक व्याख्यान चालू असते आणि व्यासपीठावरील अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषविलेल्या गंगाधरपंतांना रिकामी खुर्ची पाहवत नाही. ते जाऊन बसतात, बोलू लागतात, आणि अध्यक्ष, प्रास्ताविक, आभार या प्रथा केव्हाच मोडीत काढलेले श्रोते त्यांच्यावर टोमॅटो व अंडी फेकतात. पानिपत जिंकलेल्या देशात पुण्याचा व्यासंगी प्राध्यापक हास्यास्पद ठरतो, हा विनोद वरवरचा नाही. इतिहास बदलला तरी आपण त्यात आपल्या सवयींसह तसेच्या तसे सामावू, हा वाचकाचा समज तेथे मोडून पडतो. पुढे कॅटॅस्ट्रोफी थिअरी हा गणिती सिद्धांत आणि पुंजयामिकी यांच्या आधारे जी उपपत्ती दिली जाते, ती कथेला आवश्यक असली तरी वाचकाच्या स्मरणात राहते ती रिकामी खुर्ची.

असे असले तरी इतिहासाच्या अंगाने या कथेवर आक्षेप घेता येतात. एका गोळीवर सारी भिस्त ठेवल्याने पराभवाची इतर कारणे झाकली जातात. यमुनेपलीकडून अब्दाली बागपताजवळ उतरून आल्यानंतर मराठी छावणीचा दक्षिणेशी असलेला संबंध तुटला. रसद आटली. यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांचा भार सैन्यावर होता. सुरजमल जाट निघून गेला होता, राजपूत राजे अलिप्त होते आणि शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला होता. उपाशी सैन्याने निकराने बाहेर पडून दिलेली ही लढाई होती. गोळी चुकली असती तरी धान्याची कोठारे भरली नसती. शिवाय प्रत्यक्षातही मराठ्यांनी उत्तरेतील आपले स्थान फार लवकर परत मिळविले. महादजी शिंदे यांच्या पाठबळावर बादशाह शाहआलम १७७२ च्या आरंभी दिल्लीस परतला. म्हणजे पानिपतने सर्व काही संपविले, ही समजूतच तपासून घ्यावी लागते. नारळीकरांच्या पर्यायी जगात नानासाहेब पेशवे १७८० पर्यंत जगतात. पानिपतच्या धक्क्यानेच त्यांचा १७६१ मध्ये अंत झाला असे मानल्यास ते सुसंगत आहे. त्यानंतर विश्वासराव व माधवराव हे दोघे भाऊ मिळून राज्याचा विस्तार करतात. पण माधवरावांना क्षय झाला होता, आणि पानिपतच्या विजयाने तो कसा टळला असता, हे कथा सांगत नाही. एका ठिकाणी बदललेली घटना लेखकाला अनुकूल अशा इतर गोष्टीही गुपचूप बदलून टाकते, हा या प्रकारातील नेहमीचा दोष येथेही थोडा शिरला आहे. पेशवे कालांतराने विज्ञानाची केंद्रे काढतात आणि सत्ता लोकनियुक्त मंडळांकडे शांतपणे जाते, हा भागही घाईने उरकलेला आहे. पेशवाईतील जातिव्यवस्था त्या लोकशाहीत कोणत्या मार्गाने शिथिल झाली, हा प्रश्न कथा विचारीतच नाही. आणि विचारी वाचकाला तोच प्रथम पडतो.

पानिपतसारख्या घटनेभोवती भावनांचे दाट आवरण असल्याने तेथे निर्विकार विचार करणे अवघड जाते. कमी गाजलेल्या रणभूमीवर या प्रकाराची शक्ती व मर्यादा अधिक स्पष्ट दिसतात. वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर तालुक्याच्या पूर्वेस अकोला जिल्ह्याचा तेल्हारा तालुका लागतो. त्यातील अडगावजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) आणि नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांमध्ये लढाई झाली. इंग्रजी ग्रंथांत ती ‘अरगाव’ या नावाने प्रसिद्ध आहे. दिवस कलल्यावर वेलस्लीचे सैन्य शिरसोली गावाजवळून पुढे सरकत असता मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत अतुल धैर्याने लढलेल्या शिपायांच्या तीन पलटणी अकस्मात मागे फिरून पळू लागल्या. वेलस्ली योगायोगाने जवळच होता. त्याने त्यांना आवरले, पुन्हा उभे केले आणि लढाई जिंकली. आपण तेथे नसतो तर तो दिवस हातचा गेला असता, असे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवले. विजेत्या सेनापतीने आपल्या हाताने लिहिलेला असा जर-तर मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

त्या सायंकाळी वेलस्ली अर्धा कोस दूर असता तर काय झाले असते? सामान्य लेखक येथून थेट इंग्रजांच्या हकालपट्टीपर्यंत मजल मारील. साक्षेपी लेखकाला मात्र अनेक अडसर दिसतील. त्या सप्टेंबरात दिल्लीजवळ आणि असई येथे, तर १ नोव्हेंबरला लासवाडी येथे शिंद्यांच्या कवायती फौजांचा पराभव झालेला होता. भोसल्यांनी अडगाव राखले असते, तरी १५ डिसेंबरला पडलेला गाविलगड फार तर काही महिने टिकला असता, तहाच्या अटी सौम्य झाल्या असत्या. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांताबरोबर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गमावला आणि तो निजामाकडे गेला. अडगाव जिंकल्यास हा मुलूख भोसल्यांकडे राहिला असता. पण त्यापूर्वी वऱ्हाडात ‘दोअमली’ होती : निजाम आणि भोसले या दोघांचेही अंमलदार त्याच गावांतून वसुली करीत. पायनघाटातील कुणब्याच्या दृष्टीने विजयाचा अर्थ दोन धन्यांची वसुली पुढे चालू राहणे, एवढाच झाला असता काय? उलट, पराभवानंतर आलेल्या निजामी अंमलात महसूल मक्त्याने दिला जाऊ लागला आणि सावकार-मक्तेदारांनी रयतेला नाडले, हेही खरे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले ते याच साखळीतून. या दोन वाटांपैकी संग्रामपूरच्या परिसरातील शेतकऱ्याला कोणती सुसह्य झाली असती, हा प्रश्न एखाद्या समर्थ कादंबरीकाराला वर्षभर पुरेल. सेनापतींच्या हालचालींपेक्षा त्यात वाङ्मयाला वाव अधिक आहे. गेटिझबर्गचा उल्लेख वर आला आहे. त्या यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मागणी आली. ली विजयी झालेले चर्चिलचे जग खामगावच्या बाजारातून कसे दिसले असते, हे अजून कोणी लिहिलेले नाही.

याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला व त्याला ठार मारले. हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया त्या लढाईने पक्का झाला. मुबारिझखान विजयी होता तर १९४८ पर्यंत टिकलेले ते संस्थान निर्माणच झाले नसते, असे म्हणण्यास जागा आहे. मात्र हाताळणीच्या दृष्टीने हे उदाहरण अडगावइतके अनुकूल नाही. सव्वादोनशे वर्षांच्या घडामोडी एका दिवसाला टांगल्या, की कथेतील कार्यकारणभाव विरळ होत जातो आणि अखेरीस लेखकाची इच्छा तेवढी उरते.

मराठीत ऐतिहासिक कादंबरीचे पीक उदंड असताना पर्यायी इतिहासकथा इतकी विरळ का, याचे एक कारण खुद्द ऐतिहासिक कादंबरीतच आहे. रणजित देसाई यांच्या स्वामी (१९६२) या कादंबरीच्या अखेरीस थेऊर येथे माधवरावांचा मृत्यू होतो, तेव्हा ‘हे जगते तर’ हा विचार वाचकाच्या मनात आपोआप येतो. मराठी वाचकाने आपला पर्यायी इतिहास असा न लिहिलेल्या स्वरूपात भोगण्याची सवय करून घेतली आहे. दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. ज्ञात घटनेत बदल करणे म्हणजे पूर्वजांचा अधिक्षेप, अशी भावना समाजात प्रबळ असते. तीमुळे लेखक विजयाचा पर्याय निवडतो, पराभवाचा नाही. शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्याहून निसटू शकले नसते तर काय, हा प्रश्न पानिपतच्या विजयाइतकाच विचार करायला लावणारा आहे. त्यातून महाराजांचे मोठेपण कमी न होता त्या सुटकेतील धोक्याचे खरे माप कळेल. पण असा विषय घेण्याचे धैर्य लेखकाला सहसा होत नाही. परिणामी या प्रकाराची जी थोडी झेप मराठीत दिसते, ती इच्छापूर्तीच्या दिशेने झुकलेली आहे.

इच्छापूर्तीचा हा पर्यायी इतिहास महाराष्ट्राने साहित्यात येण्याच्या फार पूर्वी प्रत्यक्ष अनुभवला होता. सदाशिवरावभाऊ पानिपतात पडले हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी मान्य केले नाही. भाऊ जिवंत आहेत ही वार्ता लोकांत पसरत राहिली, आणि आपणच भाऊसाहेब असे सांगणारा एक तोतया पुढे आला. त्याला रत्नागिरीस कैदेत ठेवले असता १७७६ मध्ये किल्लेदाराने सोडले. तेव्हा कोकणातील किल्ले त्याच्या स्वाधीन झाले आणि हजारो माणसे त्याच्यामागे गेली. त्यांतील कित्येकांना तो तोतया असल्याचे कळले नसेल असे मानणे कठीण आहे. न. चिं. केळकर यांनी तोतयाचे बंड या नाटकासाठी हाच विषय घेतला. पानिपतला पंधरा वर्षे लोटली होती, माधवराव येऊन गेले होते, दिल्ली परत मिळाली होती. तरीही भाऊ परतले आहेत या एका वाक्यासाठी लोक शस्त्र उचलण्यास तयार झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्या तोतयाला देहान्ताची शिक्षा देण्यात आली.